वरच्या दाढा आणि गालातली पोकळी

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालफडाच्या हाडात ज्या हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना मॅक्सिलरी सायनस म्हणतात. प्रौढ माणसात अशा एका पोकळीत साधारण १५ मिलिलिटर हवा मावते आणि तिच्या तळालाच वरच्या दाढांची मुळे भिडलेली असतात. कित्येकांत मूळ आणि पोकळीचे अस्तर यांच्यामध्ये कागदाएवढेच हाड उरते, क्वचित तेही नसते. इंग्लंडचे वैद्य नॅथॅनियल हायमोर यांनी १६५१ मध्ये या पोकळीचे वर्णन करताना एका स्त्रीची हकिगत नोंदवली आहे : सुळा काढल्यावर पडलेल्या छिद्रातून सतत पाणी झरू लागले आणि तिने आत घातलेला पिसाचा दांडा थेट मेंदूपर्यंत पोचला की काय, या धास्तीने ती त्यांच्याकडे आली.

जन्माच्या वेळी अगदी लहान असलेली ही पोकळी दात येत जातात तशी खाली पसरते आणि सुमारे बाराव्या वर्षी नाकाच्या तळाच्या पातळीला येते. म्हणून सायनसमुळेच दात वेडेवाकडे होतात, असा समज होणे साहजिक असले, तरी तो टिकणारा नाही. संशय घ्यायचाच, तर तो आधी नाकावर घ्यावा. अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढून श्वास कोंडला की मूल तोंडाने श्वास घेते, जीभ टाळूला न टेकता खाली राहते आणि वरचा जबडा अरुंद होण्याची शक्यता वाढते. मात्र एगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून केलेल्या प्रयोगांत जबडे बदलले खरे, पण प्रत्येकाचे निराळ्या तऱ्हेने. तेव्हा सरसकट नियम सांगणाऱ्यांपासून सावधच राहावे.

सायनसचा खरा प्रश्न उपचारात येतो. दातांना तार लावून दाढ सरकवताना तिचे मूळ पोकळीच्या तळातून न्यायचे असेल, तर तेथील हाड एका बाजूने विरघळत आणि दुसऱ्या बाजूने भरत जावे लागते. जोर जास्त झाल्यास दाढ सरळ न सरकता कलते किंवा तिचे मूळ झिजते. वरची दाढ काढून जागा तशीच ठेवली, तर सायनस अनेकदा त्या रिकाम्या जागेत खाली उतरतो, आणि पुढे ती फट बुजवायची झाल्यास त्रिमितीय एक्स-रे पाहून, हलका जोर लावून, महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.