कूलरच्या कंडेन्सरची खरी मर्यादा

नवतपा लागला की नागपुरात हा प्रकार घरोघरी घडतो. कूलरचे बटण दाबले, मोटार नुसती घूं करते, पाते जागचे हलत नाही. बाजूची ताटी काढून लाकडी पट्टीने पाते ढकलले की पंखा फिरू लागतो. मिस्त्री येतो आणि न उघडताच सांगतो, "कंडेन्सर गेला." हा कंडेन्सर म्हणजे कपॅसिटर, शाळेच्या पुस्तकातले धारित्र. मिस्त्रीचे निदान बहुधा बरोबरच असते. पण या डबीविषयी जे समज पसरले आहेत, त्यांतले बरेच चुकीचे आहेत.

पहिला समज असा, की तिच्यात बॅटरीसारखी वीज भरून ठेवलेली असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. आत प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचे दोन थर असतात. एकावर जितका धन प्रभार, तितकाच दुसऱ्यावर ऋण. एकूण बेरीज शून्य. २.५ मायक्रोफॅरडच्या डबीत घरच्या विजेच्या ३२५ व्होल्टच्या शिखरालाही जेमतेम ०.१३ जूल ऊर्जा असते. घड्याळातल्या साध्या पेन्सिल सेलमध्ये ती काही हजार जूल असते. कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि रिकामा होतो. दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह थोडा पुढे ढकलून मोटारीला फिरण्याची दिशा देणे, हे त्याचे काम.

दुसरा समज शिकलेल्यांचा आहे: मधली पट्टी जितकी पातळ, तितका जास्त प्रभार मावेल. पट्टी अर्ध्या जाडीची केली तर धारिता, म्हणजे मायक्रोफॅरडचा आकडा, दुप्पट होते, हे खरे. पण ती सोसू शकते तो व्होल्टही अर्धा होतो. म्हणजे जास्तीत जास्त प्रभार होता तितकाच राहतो आणि ऊर्जा उलट निम्मी होते. प्रभाराची कमाल मर्यादा ठरते ती थराच्या क्षेत्रफळावर आणि पट्टीच्या पदार्थावर. जाडीचा तिथे संबंध नाही.

पदार्थाचे म्हणाल, तर तिथेही गल्लत होते. परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) मोठा म्हणजे माल उत्तम, असे वाटते. या कंडेन्सरमधल्या पॉलिप्रॉपिलिनचा परावैद्युतांक फक्त २.२ आहे, हवेच्या दुपटीहून थोडाच जास्त. त्याची खरी ताकद सहनशक्तीत आहे. हवा दर मायक्रॉनला सुमारे ३ व्होल्टवर हार मानते. चांगली पातळ पट्टी ६०० च्या आसपास तग धरते. ऊर्जा ताणाच्या वर्गाने वाढते, म्हणून २०० पट ताण सोसणारी पट्टी ४०,००० पट ऊर्जा धरते. परावैद्युतांकाने तिच्यात भर पडते ती जेमतेम दुपटीची. उलट बेरियम टायटनेटचा परावैद्युतांक हजारांत असतो, पण ते इतका ताण सोसत नाही आणि व्होल्ट वाढवला की त्याची धारिताही घसरते.

"घरात २३० व्होल्ट, मग डबीवर ४४० कशाला? स्वस्तातली चालेल." नाही चालणार. चालत्या मोटारीत कंडेन्सरवरचा व्होल्ट घरच्या पुरवठ्यापेक्षा बराच वर जातो. त्यात आपला उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि मोटारीजवळची हवा त्याहूनही तापते. उष्णतेत पट्टीची सहनशक्ती घटते. कमजोर जागी ठिणगी पडते, भोवतीचा धातूचा थर उडून जातो आणि ती जागा आपोआप वेगळी पडते. डबी वाचते, पण दर वेळी थोडे क्षेत्रफळ गमावते. काही उन्हाळ्यांत २.५ ची १.८ होते. कूलर "म्हातारा झाला" असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा झालेले असते ते हेच.

मग कुणी सुचवतो, २.५ ऐवजी ४ लावा, वारा वाढेल. कृपया लावू नका. दुसऱ्या गुंडाळीत जास्त प्रवाह जातो, मोटार तापते आणि शेवटी जळते.

प्लग काढला म्हणजे धोका संपला, हाही समज सोडा; डबी त्यानंतरही भरलेली राहू शकते. कूलरच्या डबीतली ऊर्जा थोडी असली तरी झटका चांगलाच बसतो, आणि दचकून हात पात्यावर किंवा पत्र्याच्या कडेवर आपटतो. मायक्रोवेव्हमधला कंडेन्सर सुमारे २,००० व्होल्टचा असतो. इन्व्हर्टर एसीच्या सर्किट बोर्डवरच्या कंडेन्सरमध्ये पन्नासेक जूल ऊर्जा असू शकते. ही यंत्रे घरी उघडूच नयेत. मात्र कूलरच्या लोखंडी बॉडीला हात लागून दर उन्हाळ्यात जे जीव जातात, त्यात दोष कंडेन्सरचा नसतो. बहुतेक वेळा बॉडीत उतरलेली वीज आणि नसलेली अर्थिंग त्याला कारण असते. पाणी भरताना प्लग काढा.

नवी डबी घेताना दुकानातच तिच्यावरची अक्षरे वाचा. मायक्रोफॅरडचा आकडा मोटारीवर लिहिला आहे तोच हवा. व्होल्ट ४४० एसी. "४०/८५/२१" यातला मधला आकडा म्हणजे तिला झेपणारे कमाल तापमान. ७० ची मिळत असेल तर ८५ ची मागा. आणि वर्ग बी असेल तर अपेक्षित आयुष्य १०,००० तास, ए असेल तर ३०,०००.