शी... पण औषध!

नाक मुरडू नका हं! आजची गोष्ट आहे शीची. आणि ती शी चक्क औषध म्हणून दिली जाते. तीसुद्धा एकाची दुसऱ्याला!

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. खच्चून भरलेल्या एसटीत नव्या माणसाला टेकायलाही जागा मिळत नाही ना? तसंच बाहेरून आलेल्या दांडगट जिवाणूला इथे पाय रोवता येत नाहीत. पण आजारपणात अँटिबायोटिक घ्यावं लागलं, की वाइटाबरोबर चांगलेही मरतात. गाडी रिकामी! मग आत शिरतो क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसाइल नावाचा दांडगट जिवाणू, म्हणजे सी. डिफ. तो विष सोडतो, आतडं सुजतं, जुलाब थांबता थांबत नाहीत.

औषधाने सी. डिफ मरतो, पण त्याचे बीजाणू टणक कवचात दडून बसतात. औषध संपलं, की स्वारी पुन्हा हजर! आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांना हा पाठलाग फार छळतो.

मग मारत बसण्याऐवजी गाडीच भरून टाकली तर? 1958 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात बेन आइसमन या सर्जननी आतड्याच्या अशाच भयंकर आजाराच्या चार रुग्णांना निरोगी माणसांच्या शीचा एनिमा दिला. चौघेही बरे झाले!

पुढे ॲमस्टरडॅममध्ये डॉक्टरांनी याची नीट परीक्षा घेतली. दात्याची ताजी शी मिठाच्या पाण्यात ढवळायची, वरचं पाणी वेगळं काढायचं आणि नाकातून लहान आतड्यापर्यंत घातलेल्या बारीक नळीने हळूहळू सोडायचं. तोंडाला चव लागायचा प्रश्नच नाही! 2013 मध्ये निकाल छापून आला. 16 पैकी 13 रुग्ण एकाच खेपेत बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेत. नुसत्या औषधाने मात्र 13 पैकी चारच.

2023 मध्ये अमेरिकेत दात्याच्या शीतल्या चांगल्या जिवाणूंची कॅप्सूलही आली. रोज चार, असे तीन दिवस. पण घरी असले उद्योग मुळीच नाहीत हं! दात्याचं रक्त आणि शी कसून तपासावी लागते, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला जडायचा.

आणि हो, साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. सर्दी होते विषाणूंमुळे. त्यांना त्या गोळीने ढिम्म काही होत नाही. फुकटचा मार खातात ती पोटातली आपलीच मंडळी!