पॅराफोनिक वाद्य म्हणजे काय?

सिंथेसायझर हें विजेवर चालणारें वाद्य आतां आपल्याकडे इतकें रूढ झालें आहे कीं, वाढदिवसापासून लग्नसमारंभापर्यंत त्याचा सूर कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. हौशी विद्यार्थी तें विकत घेण्यासाठीं वडिलांपाशीं हट्ट धरतात, आणि वडील दुकानदारास विचारतात, "एका वेळीं किती सूर वाजतात?" दुकानदार सांगतो, "चार" किंवा "आठ". प्रश्न सरळ, उत्तरही खरें; परंतु ह्या उत्तरांत एक मोठी गोष्ट झांकलेली राहते. चार सूर एकत्र वाजणें निराळें, आणि ते चारही आपापल्या परीनें, एकमेकांस धक्का न लावतां वाजणें निराळें. ह्या दुसऱ्या प्रकारच्या वाद्यास पॉलिफोनिक म्हणतात. पहिल्या प्रकारचें जें वाद्य, त्याचें नांव पॅराफोनिक. नांवें ऐकण्यांत सारखीं वाटलीं तरी बोटांखालीं फरक फार पडतो.

शब्द ग्रीक आहेत. 'फोने' म्हणजे ध्वनि. 'मोनो' म्हणजे एक, 'पॉली' म्हणजे अनेक, आणि 'पॅरा' म्हणजे शेजारीं, बाजूस. भूमितींतील 'पॅरलल' रेषांमुळें हा 'पॅरा' विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहेच. एकास दुसरा ध्वनि नुसता शेजारीं बसविलेला, असा त्या नांवाचा अर्थ घेतल्यास तो वस्तुस्थितीस बराच जुळतो.

आतां वाद्याच्या आंत डोकावूं. सिंथेसायझरांतील मुख्य अवयव चार. पहिला आंदोलक, ज्यास ऑसिलेटर म्हणतात. तो विजेचीं आंदोलनें उत्पन्न करतो. सेकंदास ४४० आंदोलनें झालीं म्हणजे पाश्चात्य वाद्यें ज्या स्वराशीं जुळवितात तो 'ए' नांवाचा स्वर मिळतो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी: बहुतेक जुन्या यंत्रांतील आंदोलक कधींच थांबत नाहीं. बोट पट्टीवर असो वा नसो, तो आंतल्या आंत गातच असतो. दुसरा अवयव फिल्टर, म्हणजे गाळणी. मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे उपस्वर ती कमीअधिक गाळते, आणि त्यामुळें नाद तीक्ष्ण किंवा मऊ होतो. तिसरा अँप्लिफायर, म्हणजे वर्धक. आवाज किती बाहेर जाऊं द्यावा हें त्याच्या हातीं. चौथा एन्व्हलप. तो स्वतः कांहींच आवाज करीत नाहीं. पण पट्टी दाबल्यापासून स्वर किती वेळांत चढावा, कोठवर ओसरावा, कोठें टिकावा आणि बोट उचलल्यावर किती वेळांत विरावा, हें सर्व तो गाळणीस आणि वर्धकास सांगत असतो. सतारीचा झणत्कार आणि व्हायोलिनचा हळूहळू भरत येणारा सूर ह्यांत जो भेद कानास कळतो, त्याचें पुष्कळसें श्रेय ह्या चढउतारास आहे.

एका दृष्टांतानें हें स्पष्ट होईल. वसतिगृहाच्या एका खोलींत तिघे मुलगे बसले आहेत. एक सा धरून आहे, दुसरा ग, तिसरा प. खोलीस दार एकच, आणि दाराशीं एकच द्वारपाल. दार पुरतें उघडलें कीं तिघांचा आवाज मोठा, अर्धें लोटलें कीं तिघांचा लहान, बंद केलें कीं सर्वत्र शांतता. दारावर एक जाड पडदाही आहे. तो सोडला कीं तिघांचेही आवाज सारखेच मंद आणि घुसमटलेले ऐकूं येतात. मुलगे म्हणजे आंदोलक, पडदा म्हणजे गाळणी, दार म्हणजे वर्धक, आणि द्वारपाल म्हणजे एन्व्हलप. हें झालें पॅराफोनिक वाद्य. तिघांस तीन निराळ्या खोल्या, तीन पडदे, तीन दारें आणि तीन द्वारपाल दिले म्हणजे तेंच वाद्य पॉलिफोनिक होतें.

तिन्ही पट्ट्या एकदम दाबल्या आणि एकदम सोडल्या, तर ह्या दोहोंत कानास फारसा भेद जाणवणार नाहीं. भेद दिसतो तो बोटें मागेंपुढें पडलीं म्हणजे. समजा, तुम्हीं सा दाबून धरला. द्वारपालानें दार सताड उघडलें आणि ठरल्याप्रमाणें हळूहळू अर्ध्यावर आणलें. आतां सा न सोडतां ग दाबला. बिचाऱ्या द्वारपालानें काय करावें? त्यास दोनच मार्ग आहेत. 'दार उघडेंच आहे, पुन्हां हात लावण्याचें कारण नाहीं,' असें म्हणून तो स्वस्थ बसला, तर ग हा अर्ध्या दारांतून मुकाट्यानें बाहेर येतो. त्यास स्वतःचा आघात नाहीं. उलट, 'नवी पट्टी, नवी आज्ञा' असें समजून त्यानें दार पुन्हां सताड उघडलें, तर ग ठसठशीत येतो खरा, पण त्याच्याबरोबर सा देखील, कोणीं स्पर्श केला नसतां, एकदम उसळून उठतो. पहिल्या रीतीस सिंगल ट्रिगर आणि दुसरीस मल्टिपल ट्रिगर अशीं नांवें आहेत. कोर्ग कंपनीच्या १९८३ सालच्या पॉली-८०० ह्या वाद्यांत तर गाळणीपुरती ह्या दोहोंपैकीं कोणती रीत हवी, तें वाजविणारानेंच निवडावयाचें असतें.

बोट उचलतांनाही तीच अडचण. सा धरलेला असतांना ग सोडला. ग हळूहळू विरावा अशी इच्छा असली तरी दार लोटतां येत नाहीं, कारण तें सा साठीं उघडें ठेवणें भाग आहे. म्हणून ग एक तर पटकन तुटतो, किंवा त्याचा आंदोलक दुसऱ्या धरलेल्या पट्टीवर उडी मारतो. सर्व बोटें उचललीं म्हणजे मात्र शेवटीं जे सूर उरले असतील ते एकत्र विरतात.

हें न कळल्यानें काय होतें त्याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांतलें आहे. एका माजी विद्यार्थ्यानें पदरचे पैसे साठवून एक जुनें वाद्य घेतलें. दुसरें बोट टेकलें कीं पहिला स्वर उसळतो, हें पाहून वाद्य बिघडलें आहे असें घरच्यांनीं ठरविलें. तें दुरुस्तीस गेलें. कारागिरानें उघडलें, पाहिलें, मेहनताना घेतला आणि परत दिलें. दोष सांपडला नाहीं, कारण दोष नव्हताच. मुलाच्या मनांतून मात्र तें वाद्य उतरलें तें उतरलेंच, आणि कित्येक महिने तें पलंगाखालीं धूळ खात पडलें.

मग असलीं वाद्यें कोणीं आणि कां केलीं, असा प्रश्न सहज निघेल. कारण मुख्यतः पैशाचें. प्रत्येक स्वरास स्वतंत्र चढउतार देणें अशक्य होतें असें नव्हे. अमेरिकेंतील हॅमंड कंपनीनें १९३९ सालीं नोव्हाकॉर्ड नांवाचें ७२ पट्ट्यांचें वाद्य काढलें, त्यांत ही सोय होती. पण त्यासाठीं त्यांत १६३ व्हॉल्व घालावे लागले होते! पुढें १९७० सालीं आलेला सुप्रसिद्ध मिनिमूग एका वेळीं एकच पट्टी मानीत असे. १९७२ सालीं एआरपी कंपनीनें ऑडिसी हें वाद्य काढलें. त्यांत आंदोलक दोन, गाळणी एक. दोन पट्ट्या दाबल्या कीं खालच्या पट्टीचा स्वर एका आंदोलकास आणि वरच्या पट्टीचा दुसऱ्यास मिळे. एकच दाबली तर दोघेही तीच गात. ही युक्ति आम्हांस फार चतुर वाटते. नवा अवयव न वाढवितां, आहेत त्याच दोन आंदोलकांकडून दोन निराळे सूर काढून घेतले!

दुसरी वाट ऑर्गनवाल्यांनीं काढली होती. वरच्या सप्तकाचे बारा स्वर तेवढे उत्पन्न करावयाचे, आणि प्रत्येकाच्या आंदोलनांची संख्या अर्धी अर्धी करीत खालीं यावयाचें. ८८० चे अर्धे ४४०, त्याचे अर्धे २२०, त्याचे ११०. दर पायरीस एक सप्तक खालीं. असें केलें म्हणजे साऱ्या पट्ट्यांचे स्वर थोड्या खर्चांत एकदम मिळतात. हे सर्व स्वर एकाच गाळणींतून सोडले कीं झालें. एआरपीच्या १९७५ सालच्या ऑम्नी ह्या वाद्याच्या सिंथेसायझर विभागांत हीच योजना होती. १९७८ सालीं रोलंड कंपनीनें आरएस-५०५ काढलें तेव्हां 'पॅराफोनिक' हा शब्द वाद्याच्या नांवांतच घातला.

त्याच १९७८ सालीं सिक्वेन्शियल सर्किट्स ह्या कंपनीचें प्रॉफेट-५ बाहेर पडलें. तें खरोखरीचें पॉलिफोनिक. पांच सुरांसाठीं त्यांत आंदोलक १०, गाळण्या ५ आणि एन्व्हलप १०. ह्याच्या शेजारीं कोर्गचें १९८१ सालचें मोनो/पॉली ठेवून पाहा: आंदोलक ४, गाळणी १, एन्व्हलप २. पांच सूर आणि चार सूर ह्यांत अंतर एकाचेंच. पण आंतल्या सामानांत केवढी तफावत! किंमतीचें कोडें येथेंच सुटतें.

आमच्या वाचकांस वाटेल कीं, हें सर्व परदेशी यंत्रांचें झालें. आपल्या ओळखीचें असें कांहीं आहे काय? आहे. बाजाची पेटी घ्या. प्रत्येक पट्टीचा सूर निराळा, आणि पट्टी दाबल्यावांचून त्यास वारा मिळत नाहीं, म्हणजे दारेंही निराळीं. परंतु भाता एकच. भात्यावर जोर दिला कीं धरलेले सगळेच सूर फुगतात; एकट्या ग ला फुगवून सा स जागच्या जागीं ठेवणें पेटींत साधत नाहीं. पेटी ही अर्थात् पॅराफोनिक सिंथेसायझर नव्हे. तरी दारें निराळीं आणि भाता सामाईक ही तिची रचना पॉली-८०० शीं चांगली जुळते. कारण त्यांत आठही सुरांस आवाजाचा चढउतार स्वतंत्र असून गाळणी तेवढी सर्वांत मिळून एक आहे. म्हणजे पॅराफोनीचेंही प्रकार आहेत. कोठें दार सामाईक, कोठें नुसता पडदा.

अशा वाद्यावर काय चांगलें वाजतें? ज्यांत सर्व सूर मिळून एक श्वास घेतात तें. लांब धरलेले, हळूहळू भरत येणारे आणि एकत्र विरणारे स्वरसमूह त्यावर फार गोड लागतात. सारा समूह एकाच गाळणींतून जात असल्यानें त्यास एकजीवपणा येतो, आणि तो पांच गाळण्यांच्या वाद्यांतही तसाच येईल असें नाहीं. उलट, प्रार्थनेच्या वेळीं आपण चार भागांत जीं गीतें गातों तीं त्यावर वाजवूं जाल तर पस्तावाल. त्यांत एक भाग स्वर धरून उभा असतो आणि दुसरा चालत असतो. द्वारपालानें पुन्हां पुन्हां दार उघडलें तर उभा असलेला भाग प्रत्येक पावलास दचकतो.

सा धरून त्यावर सुरावट वाजवावयाची असेल तर मात्र ट्रिगर कोणता ह्यावर सर्व अवलंबून आहे. मल्टिपल असेल तर खालचा सा प्रत्येक सुराबरोबर ठोका देतो. तंबोऱ्याचा शांतपणा नाहींसा होतो. सिंगल असेल तर सा स्थिर राहतो आणि वरची सुरावट आघाताविना एकांतून एक निघत जाते. आलापीस हें वाईट नाहीं.

ही पद्धत काळाबरोबर गेली असेंही नाहीं. मूग कंपनीच्या २०१४ सालच्या सब ३७ ह्या वाद्यांत दोन सुरांची, आणि आर्टुरियाच्या २०१९ सालच्या मायक्रोफ्रीकमध्यें चार सुरांची पॅराफोनी आहे. मायक्रोफ्रीकमध्यें स्वर संगणकाच्या रीतीनें तयार होतात, पण गाळणी खरीखुरी विजेची आणि एकच.

दुकानांत जाल तेव्हां एक परीक्षा करा. एन्व्हलपचा ओसर दोनतीन सेकंदांचा ठेवा आणि तो गाळणीस जोडा. एक पट्टी दाबून धरा. नाद तीक्ष्णाकडून मऊ होत जाईल. तो पुरता मऊ झाला कीं दुसरी पट्टी दाबा, आणि कान पहिल्या सुराकडे ठेवा. पहिला सूर मऊच राहिला आणि दुसरा तीक्ष्ण आला, तर प्रत्येकास आपली गाळणी आहे. दोघेही तीक्ष्ण झाले, किंवा दुसराही पहिल्यासारखा मऊच निघाला, तर गाळणी एक आहे. मग किती सूर वाजतात हें विचारून झाल्यावर गाळण्या किती, हेंही विचारा, आणि किंमत त्या हिशेबानें ठरवा.