प्रवाळपेटीतील पाण्याची पारख

समुद्रातील प्रवाळभित्तीभोवतीच्या पाण्याचे गुणधर्म सहसा सावकाश बदलतात. घरातील शंभर-दोनशे लिटरच्या काचपेटीत मात्र ते दिवसागणिक बदलतात, आणि हा बदल डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळ असूनही त्यातील जीव मरणपंथाला लागलेले असू शकतात. म्हणूनच प्रवाळपेटीत पाण्याच्या नियमित परीक्षणाला पर्याय नाही.

पहिली मापे तापमानाची व क्षारतेची. तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस आणि क्षारांचे प्रमाण हजार भागांत सुमारे ३५ भाग असावे. बाष्पीभवनात पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. सबब ही घट खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढावी लागते.

नव्या पेटीत अमोनिया व नायट्राइट यांची तपासणी अत्यावश्यक ठरते. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. उपकारक जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंची वाढ होण्यास काही आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावाचून पेटीत जीव सोडू नयेत. पुढे नायट्रेट व फॉस्फेट यांवर लक्ष ठेवावे, कारण ती वाढल्यास शेवाळ माजते.

प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. त्यासाठी कॅल्शियम दशलक्ष भागांत ४०० ते ४५० भाग, मॅग्नेशियम सुमारे १,३०० भाग आणि अल्कता ७ ते ११ जर्मन अंश असावी लागते. सामू साधारणतः ७.८ ते ८.४ असावा. यांपैकी अल्कता सर्वांत लवकर घटते. सांगाडा बांधताना कॅल्शियम २० भागांनी कमी होते, तेव्हा अल्कता २.८ अंशांनी उतरते. पहिली घट जेमतेम पाच टक्क्यांची. दुसरी मात्र आठ अंशांच्या साठ्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक! म्हणून अल्कता आठवड्यातून किमान एकदा मोजणे इष्ट होय.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. २००१ सालापासून भित्ती रचणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून वा अन्य कोठूनही प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे. निव्वळ माशांच्या खाऱ्या पाण्याच्या पेटीलाही अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या याच कसोट्या लागू पडतात.

शाळांना तर अशी पेटी पाणी-परीक्षणाची प्रयोगशाळाच ठरेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पेटीतील पाण्याचे नायट्रेट मोजून तारीखवार नोंदवणारा विद्यार्थी उद्या गावच्या विहिरीचे पाणीही त्याच दक्षतेने तपासू शकेल. दिसायला स्वच्छ ते सारेच निर्दोष नसते, हा धडा दोन्हीकडे सारखाच मोलाचा आहे.