गाडीचं एकच चाक जागेवर का फिरतं? ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी नेमकं काय करतात, समजून घेऊया

पावसाळा सुरू झाला की एका प्रकारचे रील्स हमखास दिसायला लागतात. गाडी चिखलात रुतलेली, ड्रायव्हर रेस देतोय, पुढचं एक चाक गरगर फिरून चिखल उडवतंय आणि त्याच्या जोडीचं दुसरं चाक मात्र ढिम्म हलत नाही. बाजूला उभा असलेला कुणीतरी ओरडतो, "टीसी ऑफ कर रे!" आणि मग दुसरा एक जण हळूच ज्ञान देतो, "ते कायम ऑफच ठेवायचं, पिकअप वाढतो."

यातला पहिला सल्ला त्या जागी बरोबर असू शकतो. दुसरा मात्र घाटातल्या ओल्या वळणावर जिवावर बेतू शकतो. बटण एकच, मग असं का? हे कळायला आधी टायर आणि रस्ता यांच्यातलं नातं बघावं लागेल. काळजी करू नका, गणित अगदी थोडं आहे.

ग्रिप म्हणजे रोजचा डेटा पॅक

हजार-बाराशे किलोची गाडी रस्त्याला किती जागेत टेकलेली असते? प्रत्येक टायरखाली साधारण एका तळहाताएवढी जागा. म्हणजे वेग घेणं, ब्रेक लागणं आणि वळणं ही तिन्ही कामं चार तळहातांवर चालतात.

या प्रत्येक टायरची पकड ठरावीक असते. तुमच्या रोजच्या डेटा पॅकसारखंच समजा. व्हिडिओ जास्त बघितला की गेमसाठी कमी उरतो. टायरचंही तसंच आहे. सगळी ग्रिप पुढे पळण्यात खर्च केली तर वळायला उरत नाही.

फक्त इथली वजाबाकी सरळ नाही, पायथागोरसच्या पद्धतीची आहे. टायरची ८० टक्के ताकद पुढे ढकलण्यात गेली तरी वळायला जवळपास ६० टक्के मिळते. पण १०० टक्के पुढे ढकलण्यात गेली की वळण्यासाठी शून्य. म्हणूनच वळणात जोरात रेस दिली आणि पुढची चाकं जागेवर फिरली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

आणखी एक गंमत आहे. गाडी पुढे ढकलताना टायर रस्त्यावर अगदी तंतोतंत गोल फिरत नाही, किंचित घसरतो. हे थोडं घसरणं गरजेचंच असतं. साधारण १० ते २० टक्के घसरण असताना टायर सगळ्यात चांगली पकड देतो. म्हणजे गाडी ताशी २० किमीने जात असेल आणि चाक २२ ते २४ किमीच्या वेगाने फिरत असेल, तर उत्तम. चाक ४० च्या वेगाने फिरायला लागलं तर ते नुसतं घासतंय. अशा वेळी पुढे ढकलणारी पकड कमी होते आणि बाजूची पकड जवळजवळ संपते.

एकच चाक का फिरतं?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली असती तर प्रत्येक वळणावर टायर घासले असते. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं.

पण साध्या डिफरन्शियलचा एक नियम आहे, दोघांना जोर सारखाच वाटायचा. रस्त्यावर सगळं ठीक असतं. चिखलात हाच नियम अडचणीचा होतो.

समजण्यासाठी आकडे धरू. चिखलातलं चाक जेमतेम ५० न्यूटन-मीटर जोर पेलू शकतं. त्याहून जास्त दिला की ते घसरतं. दुसरं चाक कडक जमिनीवर आहे आणि ५०० सहज पेलेल. तरी त्याच्या वाट्याला येतात ५०च, कारण वाटणी सारखी. तेवढ्यात गाडी हलत नाही. तुम्ही रेस वाढवता, पण वाढलेली सगळी ताकद चिखलातल्या चाकाला आणखी गरगर फिरवण्यात जाते. रीलमधल्या गाडीचं नेमकं हेच झालेलं असतं.

ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं?

प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. हा सेन्सर मुळात एबीएससाठी लागतो. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे तो बहुतेक नव्या गाड्यांत असतोच. ट्रॅक्शन कंट्रोल त्याच माहितीचा वेगळा उपयोग करतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे एका लूपसारखं दिसतं. चारही चाकांचा वेग वाच, इंजिनच्या ताकदीवर फिरणारं चाक बाकीच्यांपेक्षा फार पुढे गेलंय का बघ, गेलं असेल तर आवर घाल, पुन्हा पहिल्यापासून. हे सेकंदात कितीतरी वेळा चालतं. तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठायच्या आत.

आवर घालायचे दोन मार्ग आहेत. एक, इंजिनची ताकद कमी करायची. तुम्ही पेडल पूर्ण दाबलं असलं तरी कॉम्प्युटर इंजिनाला तेवढं देऊ देत नाही. दोन, फिरणाऱ्या त्या एकाच चाकाला ब्रेक लावायचा.

हा दुसरा मार्ग भारी आहे. वरचे आकडे आठवा. चिखलातल्या चाकावर ब्रेकने ३०० न्यूटन-मीटरचा अडथळा आणला, तर चिखलाचे ५० आणि ब्रेकचे ३०० मिळून त्या बाजूला ३५० झाले. वाटणी सारखी, म्हणजे कडक जमिनीवरच्या चाकालाही ३५० मिळाले. गाडी हलली! ब्रेक लावून गाडी पुढे काढणं ऐकायला उलटं वाटतं, पण डिफरन्शियलचा नियमच इथे उपयोगी पडतो. अर्थात सगळ्याच गाड्यांमध्ये दोन्ही मार्ग नसतात, काही फक्त इंजिनची ताकद कमी करतात.

आता पिकअपबद्दल. कोरड्या रस्त्यावर चाक घसरत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडतच नाही, मग ते बंद करून पिकअप कुठून वाढणार? फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आहे. ते गाडीला हळू करतं म्हणून ही बंदी आली नाही. ते ड्रायव्हरचं कौशल्याचं काम स्वतःच करून टाकत होतं, म्हणून आली.

ईएससी: वळणावरचा साथीदार

ट्रॅक्शन कंट्रोल फक्त रेस दिल्यावर फिरणाऱ्या चाकाकडे बघतं. पण गाडी घसरायला रेस द्यावीच लागते असं नाही. वळणात वेग जास्त असला किंवा समोर कुत्रा आला म्हणून स्टिअरिंग झटकन फिरवलं, तरी गाडी सुटते. इथे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी लागतं. कंपनीप्रमाणे नाव बदलतं. मारुती सुझुकी त्याला ईएसपी म्हणते, टोयोटा व्हीएससी, होंडा व्हीएसए. काम एकच.

चाकांच्या सेन्सरबरोबर ईएससीकडे आणखी माहिती असते. स्टिअरिंग किती वळवलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय आणि बाजूला किती ओढली जातेय. त्यावरून दोन प्रश्न सुटतात. ड्रायव्हरला कुठे जायचंय? आणि गाडी खरंच कुठे चाललीय? बॉश कंपनी सांगते की त्यांची यंत्रणा ही तुलना सेकंदाला २५ वेळा करते.

उत्तरं जुळली नाहीत तर काय होतं, ते डाव्या वळणाचं उदाहरण घेऊन बघू.

पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ बाहेरच्या बाजूला जाते. अशा वेळी ईएससी मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकाला ब्रेक लावतं. गाडीचं तोंड डावीकडे ओढलं जातं.

मागची चाकं घसरली तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि गाडी गरकन फिरायच्या बेतात येते. तेव्हा बाहेरच्या बाजूच्या पुढच्या, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लागतो आणि ते फिरणं थांबतं.

इथे महत्त्वाचं काय, तर एकाच चाकाला ब्रेक लावणं माणसाला शक्यच नाही. आपल्याकडे ब्रेकचं पेडल एकच आहे. कितीही मुरलेला ड्रायव्हर असला तरी हे काम कॉम्प्युटरच करू शकतो.

एक उलटलेली मर्सिडीज

बॉशची ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. तेव्हा ती श्रीमंतांच्या मोठ्या गाड्यांपुरती होती. १९९७ मध्ये मर्सिडीजने ए-क्लास ही छोटी, उंच गाडी आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या एका ऑटो मासिकाने तिची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मूस हे मोठं हरीण आलं असं धरायचं, स्टिअरिंग एका बाजूला मारून लगेच परत आपल्या लेनमध्ये यायचं. गाडी उलटली!

जगभर बातम्या झाल्या. कंपनीने काही आठवडे विक्री थांबवली, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि ए-क्लासच्या प्रत्येक गाडीत ईएसपी द्यायला सुरुवात केली. महागड्या गाडीतली गोष्ट छोट्या गाडीत आली ती अशी. पुढे अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कारमध्ये ईएससी सक्तीचं झालं.

ईएससी काय करू शकत नाही?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ही दोन्ही सॉफ्टवेअर ग्रिप तयार करत नाहीत. असलेली ग्रिप नीट वापरतात, एवढंच. डेटा पॅक संपला तर कुठलंच अ‍ॅप तो वाढवून देत नाही.

ताम्हिणी किंवा आंबोली घाटातलं ५० मीटर त्रिज्येचं एखादं वळण डोळ्यासमोर आणा. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा आकडा सुमारे ०.८ धरला, तर त्या वळणावर जास्तीत जास्त ताशी ७१ किमीपर्यंत गाडी टिकते. ओल्या रस्त्यावर तोच आकडा ०.५ धरला तर मर्यादा येते ५६ वर. पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेलं ऑइल मिसळून रस्ता बुळबुळीत होतो, तेव्हा त्याहूनही खाली. या हिशोबात गाडीची किंमत किंवा तिच्यातले सेन्सर कुठेच येत नाहीत. ५६ ची मर्यादा असलेल्या वळणात कुणी ७० ने घुसलं, तर ईएससी वेग कमी करायचा प्रयत्न करेल, गाडी गरकन फिरू देणार नाही, पण वळण पूर्ण होईलच असं नाही.

शिवाय रस्त्यावर पाणी साचलेलं असेल आणि टायर गुळगुळीत झाले असतील, तर टायर पाण्यावर तरंगतो. मग ब्रेक लावून काय उपयोग, चाक रस्त्याला लागलेलंच नाही! आपल्या नियमानुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायची वेळ झाली. पावसाळ्याआधी दोन मिनिटं काढून हे बघाच.

दिवा आणि बटण कसं वाचायचं?

डॅशबोर्डवर गाडी आणि तिच्यामागे घसरल्याच्या नागमोडी रेघा असं पिवळं चिन्ह असतं.

चालवताना ते लुकलुकलं, तर यंत्रणा आत्ता काम करतेय. बिघाड झालेला नाही, गाडी तुम्हाला सांगतेय की इथे पकड कमी आहे. रेस कमी करा, वेग उतरवा.

ते सतत पेटलेलं राहिलं, तर यंत्रणेत बिघाड आहे. गॅरेजमध्ये दाखवा. चिन्हासोबत 'ऑफ' लिहिलेलं असेल तर कुणीतरी बटण दाबून ती बंद केली आहे.

बंद कधी करायची? चिखलात, भुसभुशीत वाळूत गाडी रुतली असेल तेव्हा. तिथे चाक थोडं फिरून खालचा मऊ थर बाजूला सारायला मदत होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल नेमकी तेव्हाच इंजिनची ताकद कापतं. चाकाखाली दगड किंवा फांद्या घाला, हलकी रेस देत गाडी पुढे-मागे झुलवा. फिरणाऱ्या चाकाच्या समोर किंवा मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. गाडी बाहेर आली की पहिलं काम, बटण परत ऑन. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की ते आपोआप ऑन होतं, पण त्या भरवशावर राहू नका. काही गाड्यांत तेच बटण जास्त वेळ दाबलं तर ईएससीही बंद होतं, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा वाचा.

घरात नवी गाडी येणार असेल तर

बऱ्याच घरांत आता व्हेरियंटची तुलना आपल्यालाच मोबाईलवर करायला सांगतात. बाबा मायलेज विचारतात, बहीण सनरूफ मागते. त्या यादीत ईएससी आहे का, ते तुम्ही बघा. भारत एनकॅप ही आपली क्रॅश टेस्ट योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ईएससी लागतंच. त्यामुळे आता ते कमी किमतीच्या गाड्यांतही दिसतं. तरीही आपण घेतोय त्याच व्हेरियंटच्या यादीत ते लिहिलंय का, हे स्वतः वाचा. शोरूमवाल्याच्या तोंडी "हो, आहे की" वर विसंबू नका. सनरूफ नंतर बाहेरून बसवून मिळू शकतं. ईएससी नंतर बसवता येत नाही.

आणि ज्यांच्या गाडीत ते आधीपासून आहे त्यांनी आज एवढंच करा. गाडीत बसून ते बटण कुठे आहे शोधा, डॅशबोर्डवर 'ऑफ' दिसत नाही ना बघा आणि घरात जे जे गाडी चालवतात त्यांना लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ सांगा.