चेंज गिअर आणि आटे: काही पक्के गैरसमज

लेथवर आटे पाडताना चेंज गिअर एकच गोष्ट ठरवतात: चकची एक फेरी होताना लीड स्क्रूच्या किती फेऱ्या व्हायच्या. उरणमध्ये करंजा-मोऱ्याच्या मासेमारी बोटीचा शाफ्ट असो की बंदराकडे धावणाऱ्या ट्रेलरची पिन, हिशेब तोच. पाडायच्या आट्याची पिच भागिले लीड स्क्रूची पिच. अंशातले गिअर चालक, छेदातले चालित. या साध्या अपूर्णांकाकडून नको तेवढी अपेक्षा धरल्यामुळेच बहुतेक गैरसमज झालेले दिसतात.

सर्वांत पक्का गैरसमज १२७ दातांच्या गिअरचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी इंची लीड स्क्रूचे जुने लेथ अजून कामात आहेत. त्यांच्यावर १२७ चा गिअर नसेल तर मिलिमीटरचे आटे निघतच नाहीत, असे ठामपणे सांगितले जाते. त्यामागचे कारण खरे आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणजेच १२७ भागिले ५. आणि १२७ ही मूळ संख्या असल्याने दुसऱ्या गिअरांनी हे गुणोत्तर तंतोतंत जुळत नाही. इंचाला चार आटे असलेल्या लीड स्क्रूची पिच ६.३५ मिमी, त्यामुळे २ मिमी पिचसाठी चालक ४० आणि चालित १२७ लागतात. मात्र ६३ व ४० चालक आणि ८० व १०० चालित लावले तर पिच २.०००२५ मिमी येते. १०० मिमी लांबीत फरक ०.०१२५ मिमी. नट-बोल्टच्या कामात तो जाणवतही नाही; अचूक मापनाचा स्क्रू करायचा असेल तेव्हाच १२७ चा आग्रह योग्य.

अशा जोडणीत चालकांची आपसात अदलाबदल चालते, चालितांचीही. चालक चालिताच्या जागी गेला की मात्र पिच बदलली.

मधल्या आयडलरचे दात हिशेबात धरण्याची सवय तर अगदीच अनाठायी. तो अंतर भरून काढतो आणि फिरण्याची दिशा उलटवतो, एवढेच. मात्र एकाच स्टडवर दोन गिअर एकत्र फिरत असतील तर ते आयडलर नव्हेत. ते हिशेबात येतातच. डाव्या आट्यांसाठीही गुणोत्तर तेच राहते, फक्त टंबलरने लीड स्क्रूची दिशा बदलायची.

लेथ हळू चालवला की आटे बारीक पडतात, हाही भ्रमच. गती कमी ठेवायची ती टूल वेळेवर मागे घेता यावे म्हणून. गिअर बरोबर लागले म्हणजे आटा बरोबर, असेही नाही: व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०, तो टूलच्या धारेतून येतो.

हाफ नट कुठेही सोडून पुन्हा लावता येतो, हे अर्धसत्य आहे. चार आट्यांच्या लीड स्क्रूवर ८, १२, १६ आट्यांसाठी ते चालते. ११ साठी थ्रेड डायल पाहावी लागते. इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट शेवटपर्यंत लावलेलाच ठेवून, टूल मागे घेऊन लेथ उलटा फिरवणे हाच खात्रीचा मार्ग.

गिअरबॉक्सचा लेथ असला तरी पाटीवरचे आकडे तिथे सांगितलेले चेंज गिअर बाहेर लावलेले असतील तरच खरे ठरतात. म्हणून पहिला काप नुसता ओरखड्याइतका घेऊन पिच गेज लावतात.