नाळ, नेढं आणि बिनपासपोर्टचं सिंगापूर

पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्यांनो, 'ट्रेक' हा शब्द मुळात बैलगाडीतला आहे! दक्षिण आफ्रिकेतले बोअर लोक गाड्यांवर संसार लादून लांबच्या प्रवासाला निघत, तो त्यांचा ट्रेक. आपण बैल वगळले आणि ओझं स्वतःच्या पाठीवर घेतलं.

'कॅराबिनर' जर्मन. घोडेस्वार आपली कार्बाइन बंदूक ज्या आकड्याला अडकवत, त्याचं नाव आता गिर्यारोहकांच्या कमरेला खुळखुळतं. 'रॅपलिंग' फ्रेंच, मूळ अर्थ परत बोलावणं. खाली पोचल्यावर दोरही ओढून घ्यायचा असतो ना! आणि तिबेटी 'ला' म्हणजेच खिंड. त्यामुळे 'नाथू ला खिंड' म्हणणारा एकच खिंड दोनदा ओलांडतो.

दोराचे शब्द असे परदेशी. सह्याद्रीच्या अंगाखांद्याचे मात्र अस्सल इथले, आणि मला विचाराल तर जास्त देखणे. सुईत दोरा ओवतो ते नेढं. राजगडाच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडाच्या माथ्यावर कातळालाच आरपार नेढं आहे. आत बसून भन्नाट वारा खाता येतो. माहुलीच्या सुळक्यांमध्ये तर लग्नच लागलंय: नवरा, नवरी, सोबत भटोबा. खंडाळ्याच्या नागफणीत इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. मला अजूनही फणाच दिसतो.

घाटवाटांची नावं नीट ऐकावीत, त्यात सूचना दडलेली असते. नाळ म्हणजे दोन धारांमधली, दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ उतरलेल्यांच्या गुडघ्यांना विचारा. त्याच भागात सिंगापूर नाळही आहे: पुणे जिल्ह्यातल्या सिंगापूर गावाहून थेट कोकणात, पासपोर्टशिवाय. खांडसहून भीमाशंकरला शिडी घाट आणि गणपती घाट अशा दोन वाटा. अवघड कोणती, हे नावच सांगतं. 'निसणी' म्हणजेही शिडीच, तेव्हा त्या नावाच्या वाटेवर हातांनाही काम असणार. आणि घसारा? सुट्या मुरमाचा निसरडा उतार. तिथे बुड टेकून उतरण्यात भल्याभल्यांना कमीपणा वाटत नाही.

गावातल्या वाटाड्याला 'किती वेळ लागेल' विचारू नका, 'हे काय, इथंच' हे त्याचं उत्तर ठरलेलं. 'वाट कशी आहे' ते विचारा. तो 'नाळ' म्हणाला, तर भर पावसात तिकडे फिरकू नका. पाण्याची वाट तीच असते.